लामा, अल्पाका आणि ते पाळणाऱ्यांचे संघ

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनी व्याख्यान द्यावयाचे म्हणजे स्त्रीजीवनावर नाही तर संतवाङ्मयावर द्यावयाचे, असा आपल्याकडे परिपाठ आहे. आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय विचारला आणि मी "लामा व अल्पाका" असे सांगितले, तेव्हा त्यांना वाटले मी तिबेटातील लामांविषयी बोलणार! फळ्यावर त्यांनी "तिबेटातील धर्मजीवन" असे सुवाच्य अक्षरात लिहूनही टाकले होते. काल ते पुसून घेतले. तर भगिनींनो, माझे हे लामा मठात राहत नाहीत. ते चार पायांचे आहेत, गवत खातात आणि राग आला म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकतात.

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. "दक्षिण अमेरिकेतील ओझ्याचे जनावर कोणते?" हा एका गुणाचा प्रश्न मी किती वेळा घातला असेन याची गणती नाही, पण ते जनावर मी पाहिले नव्हते. २०१२ साली लेकीकडे अमेरिकेत ओहायो राज्यात पाच महिने राहिले तेव्हा ते दर्शन घडले. तिच्या घरापासून दोन मैलांवर एका निवृत्त जोडप्याने अल्पाका पाळले होते. ओहायोत अल्पाकांची संख्या त्या देशातील कोणत्याही राज्याहून अधिक, हे मला तिथे गेल्यावर कळले. त्या बाईंची व माझी ओळख झाली आणि एका शनिवारी त्या मला आपल्या भागातील लामा-अल्पाका पाळणाऱ्यांच्या संघाच्या वार्षिक सभेला घेऊन गेल्या. मागील सभेचे इतिवृत्त वाचणे, हिशेब मंजूर करणे, वर्गणी थकलेल्यांची नावे, चहापानाच्या खर्चावरून थोडी कुरबूर, हे सगळे इतके आपल्यासारखे होते की मला परक्या मुलखात बसल्यासारखे वाटेना. फरक इतकाच की आपल्या सभेत मुलेबाळे मध्येच रडतात, तेथे खिडकीबाहेर अल्पाका "हूं हूं" करून गुणगुणत होते. त्यांचा आवाज खरोखरच तसा असतो. आजी पाळणा हलविताना करते ना, तसा.

त्या सभेत एक विषय असा निघाला की सगळे गंभीर झाले. तो काय होता ते पुढे सांगते, कारण तो समजण्यास आधी या जनावरांची कुळकथा सांगावयास हवी.

उंटाच्या कुळातील चार प्राणी दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात राहतात. ग्वानाको आणि विकुन्या हे दोन रानटी, लामा आणि अल्पाका हे दोन पाळीव. लामा ग्वानाकोपासून झाला आणि अल्पाका विकुन्यापासून, असे शास्त्रज्ञांनी २००१ साली रक्तातील वंशखुणा तपासून दाखविले. सहा-सात हजार वर्षांपूर्वी पेरू देशातील उंच पठारांवरच्या शिकारी लोकांनी हे प्राणी माणसाळविले. ती पठारे चार हजार मीटरच्या वर आहेत. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर; त्याच्या अडीचपट उंचीवर हे लोक घरे बांधून राहतात. तेथे झाड नाही, जळण नाही. पण लामा-अल्पाका यांची एक सवय मोठी उपयोगाची. सारा कळप ठराविक एकाच जागी शेण टाकतो. म्हणजे शेणी गोळा करणाऱ्या बाईचे कष्ट वाचले! तेथील चुली त्यावरच पेटतात.

लामा अंगाने मोठा, पाठीवर पंचवीस-तीस किलो ओझे घेऊन डोंगरवाटा चालणारा. ओझे जास्त झाले की तो खाली बसतो आणि उठत नाही. (आपल्यापैकी कित्येकींना हे साधले असते तर बरे झाले असते.) अल्पाका त्याहून लहान, मेंढीपेक्षा जरा उंच, आणि त्याचे मोल लोकरीत. वर्षातून एकदा कातरला की दोन-तीन किलो लोकर मिळते. त्यातही दोन जाती. वाकाया नावाचा कापसाच्या ढिगासारखा फुललेला, आणि सुरी नावाचा, ज्याची लोकर पीळ पडलेल्या बटांसारखी लोंबते. सुरी थोडे, वाकाया पुष्कळ. पोटुशी मादी साडेअकरा महिने वागवते आणि एकच पिलू देते. हा साडेअकरा महिन्यांचा आकडा ध्यानात ठेवा. पुढच्या हकीगतीत त्याला महत्त्व आहे.

इंका राजांच्या काळात या जनावरांचे कळप राज्याचे, सूर्यदेवाचे आणि गावकीचे असे वेगवेगळे राखले जात. त्यांची मोजदाद दोरीला गाठी मारून ठेवीत. सोन्यापेक्षा त्या लोकांना वस्त्राचे मोल अधिक वाटे. केचुआ भाषेत गावकीला "आयू" म्हणतात. कुरणे आयूची सामाईक आणि कातरणीला सगळी घरे एकत्र. तेव्हा लामा पाळणाऱ्यांचा पहिला संघ कोणता असे मला कोणी विचारले तर मी आयूचेच नाव सांगेन, जरी त्याची घटना कोणी कागदावर लिहिली नाही. १५३२ साली स्पॅनिश लोक आले. त्यांच्या मेंढ्या आल्या, रोगराई आली आणि शंभर वर्षांच्या आत लामा-अल्पाकांचे बहुतेक कळप नाहीसे झाले. जे उरले ते मेंढी जगणार नाही अशा उंचीवर ढकलले गेले. कोणती मादी कोणत्या नराला द्यावयाची हे ज्ञानही त्या पळापळीत गेले. पेरूच्या दक्षिणेस एल यारल म्हणून जागा आहे, तेथे हजार वर्षांपूर्वी पुरलेले लामा आणि अल्पाका सुकून जसेच्या तसे राहिलेले सापडले. जेन व्हीलर नावाच्या विदुषींनी त्यांची लोकर तपासली, तर ती आजच्या जनावरांपेक्षा तलम आणि एकसारखी निघाली. मला ही गोष्ट फार लागली. आपण म्हणतो, मागचे लोक अडाणी होते.

पुढे तीनशे वर्षे बाहेरच्या जगाला या लोकरीची विशेष पर्वा नव्हती. इंग्लंडात ब्रॅडफर्डचा टायटस सॉल्ट नावाचा गिरणीवाला होता. त्याने १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलच्या वखारीत पडून राहिलेली अल्पाकाची लोकर विकत घेतली आणि तिचे सूत काढण्याची युक्ती शोधली. डिकन्सच्या साप्ताहिकात १८५२ साली ही खरेदीची गोष्ट मोठी रंगवून छापली होती. अल्पाकाचे चमकदार कापड इंग्लंडातील बायकांना इतके आवडले की सॉल्टने १८५३ साली प्रचंड गिरणी काढली, कामगारांसाठी गाव वसविला आणि त्याला आपलेच नाव दिले, सॉल्टेअर. ते गाव आज जागतिक वारसा म्हणून जपले जाते. पेरूतील अरेकिपा शहरी लोकरीच्या पेढ्या उभ्या राहिल्या. पण पठारावरचा मेंढपाळ, किंवा अल्पाकापाळ म्हणा, याच्या हाती फारसे काही पडले नाही. मधला दलाल जनावरांच्या वाड्यापर्यंत येई, आपला काटा आणी, आपला भाव सांगे, आणि साखर-पीठ देऊन लोकर उचलून नेई. दूधसोसायट्या निघण्यापूर्वी आपल्याकडे गवळ्याच्या दाराशी काय चाले ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट झाली. गिरण्यांना पांढरी लोकर हवी, कारण तिला हवा तो रंग देता येतो. मग पांढऱ्याला भाव आणि रंगीताला कमी भाव. लोकांनी काळे, तपकिरी, करडे नर बाजूला काढले. अल्पाकाच्या अंगावर मूळच्या वीसहून अधिक छटा असतात. त्या पुष्कळशा विरळ झाल्या. आपल्या धनगरांच्या घोंगडीला दख्खनी मेंढीची काळी लोकर लागते, म्हणून आपल्याकडे काळ्या मेंढीला मान राहिला. तेथे उलटे झाले.

मग दुसऱ्या देशांना वाटले, हे जनावर आपल्याकडेच का असू नये? पेरूने जिवंत अल्पाका बाहेर नेण्यास बंदी केली. येथे चार्ल्स लेजर या माणसाची हकीगत सांगितल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही.

हा लंडनचा. अठराव्या वर्षी पेरूत गेला आणि लोकरीचा व्यापार करू लागला. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या सरकारशी त्याने बोलणे केले आणि अल्पाका तिकडे न्यावयाचे ठरविले. बंदरावर पहारा, म्हणून त्याने कळप बोलिव्हियातून अर्जेंटिनात आणि तेथून पुन्हा बर्फाच्या घाटाने चिलीत, असा पायी नेला. यात वर्षे गेली. शेकडो जनावरे वाटेत मेली. शेवटी १८५८ च्या नोव्हेंबरात अडीचशेहून अधिक जनावरे घेऊन तो सिडनीला उतरला. सोबत दक्षिण अमेरिकेतले गुराखीही होते. लोकांनी जयजयकार केला, मेजवान्या दिल्या. पण थोड्याच वर्षांत सरकारचा उत्साह ओसरला, देखरेख ढिली झाली आणि १८६४ साली उरलेला कळप विकून टाकण्यात आला. माझ्या मते याचे कारण साधे आहे. एका माणसाच्या जिद्दीने जनावरे समुद्रापार आली. पण ती सांभाळणारी चार घरे, एकमेकांना अडीअडचण विचारणारी, तेथे नव्हतीच.

या लेजरचा आपल्या देशाशीही धागा जुळतो. त्याच्याकडे मॅन्युएल इंक्रा मामानी नावाचा बोलिव्हियाचा आदिवासी नोकर होता. मलेरियावरचे क्विनीन ज्या झाडाच्या सालीतून निघते त्या सिंकोनाची उत्तम जात मामानीला ठाऊक होती. चार वर्षे थंडीने मोहोर जळाला, तरी तो थांबला आणि १८६५ साली त्याने बी आणून दिले. लेजरच्या भावाने ते लंडनला विकावयास नेले, तर इंग्रज सरकारने नको म्हटले. एक पौंड बी डच लोकांनी घेतले आणि बाकीचे हिंदुस्थानातील एका मळेवाल्याने. डचांच्या जावा बेटात त्याचे सोने झाले. पुढे साऱ्या जगाला क्विनीन जावाहून जाऊ लागले. आपल्या आजी-पणजीने हिवतापात जी कडू पूड गिळली तीत कोठे तरी मामानीचा हात होता. त्याला मात्र १८७१ साली बोलिव्हियात पकडून तुरुंगात टाकले आणि इतके मारले की तो मेला. लेजर १९०५ साली सिडनीत गरिबीत वारला. असो. विषयांतर झाले, पण ते मी मुद्दाम केले.

आता अमेरिकेकडे येऊ. तेथे पूर्वी प्राणिसंग्रहालयात आणि काही धनाढ्यांच्या बागांत लामा होते. वर्तमानपत्रांचे मालक हर्स्ट यांच्या कॅलिफोर्नियातील वाड्याभोवती ते चरत. १९३० पासून लाळ्या-खुरकुताच्या भीतीने दक्षिण अमेरिकेतून खुरांची जनावरे आणणे बंद झाले, त्यामुळे होते त्यांचीच वीण चालली. १९७० नंतर डोंगरात भटकंती करणाऱ्या लोकांना लामा ओझ्यासाठी आवडू लागला. घोड्याइतका तो पायवाट उकरत नाही, कारण त्याच्या तळपायाला गादी असते. मेंढरांच्या कळपात एकटा लामा सोडला तर तो कोल्ह्या-कुत्र्यांना हुसकून लावतो, हेही ध्यानात आले. पाळणारे वाढले तसे त्यांचे संघ निघाले. १९८५ साली लामांची वंशनोंदवही सुरू झाली. १९८४ साली चिलीहून अल्पाकांचे पहिले मोठे कळप आले आणि १९८८ साली अल्पाकावाल्यांनी आपली निराळी देशव्यापी संस्था काढली. ऑस्ट्रेलियातही याच सुमारास अल्पाका पुन्हा गेले, लेजरनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, आणि या खेपेस टिकले. ब्रिटनची संस्था १९९६ ची.

देशव्यापी संस्था असताना आणखी प्रांताप्रांतांचे संघ कशाला, असे मी त्या ओहायोच्या बाईंना विचारले. त्यांनी एका शब्दात उत्तर दिले, "जंत."

गोष्ट अशी आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात पांढऱ्या शेपटीचे हरीण फार. त्याच्या डोक्यात एक केसासारखा जंत राहतो. हरणाला त्याचा त्रास नाही. त्याच्या लेंड्यांतून त्या जंताची पिले बाहेर पडतात, ती गोगलगाईच्या अंगात शिरतात, आणि गोगलगाय गवताबरोबर लामाच्या पोटात जाते. हरणाच्या शरीरात जंताला आपली वाट ठाऊक असते. लामाच्या शरीरात तो चुकतो आणि पाठीच्या कण्यात भटकत राहतो. आज मागचा एक पाय लटपटतो, उद्या दोन, आणि मग जनावर उठत नाही. पश्चिमेकडच्या कोरड्या डोंगरात हा रोग जवळजवळ नाहीच. त्यामुळे तिकडून विकत आणलेल्या जनावराबरोबर जे माहितीपत्रक येई त्यात याचा उल्लेखही नसे. पशुवैद्याने जन्मात लामा पाहिलेला नाही, त्याने गाई-घोड्यांची पुस्तके उघडावी आणि मान हलवावी. लामांच्या वैद्यकावरचा मरे फाउलर यांचा मोठा ग्रंथ १९८९ साली निघाला; तोपर्यंत ज्याने त्याने अंधारात चाचपडावयाचे. अशा वेळी आसपासच्या पंधरा-वीस घरांनी एकत्र बसून, कोणाचे जनावर कधी आजारी पडले, ओलसर खाचरात चरत होते का, हरणे येत होती का, हे एकमेकांना सांगणे, हाच पहिला उपाय होता. तेथूनच पुष्कळसे प्रादेशिक संघ उभे राहिले. त्यांनी वार्तापत्रे काढली, पशुवैद्यांना बोलावून पाठ घेतले, वर्गणीतून संशोधनाला पैसे दिले. आता त्या भागात महिन्याच्या महिन्याला जंताचे इंजेक्शन टोचतात, आणि पाळणाऱ्या बायका ते घरीच टोचतात. मला त्या बाईंनी दाखविले. काखेत मान धरावयाची आणि कातडी चिमटीत. माझा तर जीव वरखाली झाला.

उन्हाळ्याचाही तसाच प्रश्न. थंड पठाराचे जनावर ओहायोच्या दमट उकाड्यात लोकरीचा कोट घालून उभे. म्हणून वसंतात कातरणी, पोटावर गार पाण्याचा मारा, आणि सावलीला पंखे! गोठ्यात पंखे फिरताना पाहून मला आमच्या शाळेतील वर्ग आठवले, जेथे एकच पंखा होता आणि तोही बाईंच्या डोक्यावर.

तर आता त्या गंभीर झालेल्या सभेकडे येते. विषय होता: ज्यांना आता जनावरे पोसवत नाहीत अशा सभासदांच्या कळपांचे काय करावयाचे?

अल्पाका आले तेव्हा थोडे होते आणि हवे असणारे पुष्कळ. भाव चढले. चांगल्या मादीला दहा-वीस हजार डॉलर हा सर्रास भाव झाला, आणि बक्षीस मिळविलेल्या नरांच्या किमती लाखांत गेल्या. संस्थेने नोंदवही कडक ठेवली. आईबापांची रक्ततपासणी झाल्यावाचून पिलाची नोंद नाही. यात वंशशुद्धी होती, चांगलेच. पण १९९८ च्या अखेरीस नोंदवहीचे दार परदेशी जनावरांना बंद करण्यात आले. म्हणजे पेरूहून कितीही उत्तम अल्पाका आणला तरी त्याची अमेरिकेत नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे किंमत नाही. मादी साडेअकरा महिन्यांनी एकच पिलू देते, त्यामुळे संख्या हळू वाढे आणि भाव टिकून राही. दूरदर्शनवर जाहिराती लागत. हिरवे कुरण, गोजिरवाणी जनावरे, आणि निवृत्तीनंतरचे सुखाचे उत्पन्न. शिवाय करात सवलत. नोकरीतून मोकळ्या झालेल्या जोडप्यांनी साठविलेला पैसा यात घातला.

आता तुम्ही विचाराल, लोकर विकून इतका पैसा येत होता का? हाच प्रश्न कॅलिफोर्नियातील सेटोन आणि सेक्स्टन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली विचारला. त्यांनी आकडेमोड करून दाखविले की अल्पाकाच्या लोकरीला बाजारात जो भाव मिळतो त्यावर ही किंमत कधीच वसूल होणार नाही. पैसा मिळत होता तो पुढच्या नव्या पाळणाऱ्याला पिले विकून. त्याने घ्यावयाची ती त्याच्या पुढच्याला विकण्यासाठी. भगिनींनो, आपल्याकडे भिशीचे आणि दामदुप्पट योजनांचे अनुभव काही कमी नाहीत. यात कोणी फसविण्यासाठी फसविले असे मी म्हणत नाही. ज्यांनी विकले त्यांचाही विश्वास होता. पण नवीन येणारा थांबला की साखळी तुटते. २००८ साली अमेरिकेत मंदी आली आणि ती तुटली. दहा हजारांची मादी काही शे डॉलरला कोणी घेईना. कित्येकांनी नोंदलेले कळप फुकट दिले. जनावर मात्र पंधरा-वीस वर्षे जगते आणि रोज खाते.

त्या सभेत एक गृहस्थ उभे राहिले. त्यांची पत्नी आजारी होती, तीस जनावरे होती आणि हिवाळा तोंडावर आला होता. त्यांनी पैसे मागितले नाहीत. "कोणी घेऊन जा" एवढेच म्हणाले आणि बसले. मग एक बाई म्हणाल्या, मी चार नेते. दुसऱ्यांनी सहा सांगितले. चारा कोणी द्यावयाचा, आजाऱ्यांना कोणी पाहावयाचे, लिहून घेणे सुरू झाले. तासाभरात सत्तावीसांची सोय लागली. उरलेल्या तीन म्हाताऱ्या माद्यांना माझ्या ओळखीच्या जोडप्याने घरी आणले. त्यांची स्वतःची घालवलेली रक्कम किती होती ते त्यांनी मला सांगितले आहे. मी येथे सांगणार नाही. पुढे २०१४ साली अल्पाकावाल्यांची देशव्यापी संस्था आणि वंशनोंदणी संस्था एक झाल्या, आणि आता तेथील लोक लोकरीबद्दल अधिक बोलतात, किमतीबद्दल कमी. सूत काढणाऱ्या लहान गिरण्या निघाल्या आहेत. बायका घरी चाते फिरवतात.

आणि मूळ मुलखात काय चालले आहे? जगातील बहुसंख्य अल्पाका आजही पेरूत आहेत आणि लामा सर्वांत जास्त बोलिव्हियात. पेरूत १९६९ साली जमीनसुधारणा झाली, मोठ्या जहागिरी मोडल्या, सहकारी संस्था आणि गावकी यांच्याकडे कुरणे गेली. सगळ्या संस्था चालल्या असे नाही, बऱ्याच बुडाल्या. पण लोकर एकत्र आणून, प्रतवारी करून, एकदम विकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुजली. ही प्रतवारी बायका करतात. बोटांनी चाचपून कोणती लोकर तलम, कोणती जाडी, हे त्या इतक्या झटकन सांगतात की यंत्राने मागाहून मोजले तरी फारसा फरक पडत नाही म्हणे.

रानटी विकुन्याची गोष्ट याहून मोठी. त्याची लोकर जगातील सर्वांत तलम लोकरींत मोडते. ती मिळावी म्हणून बंदुकीने मारून मारून १९६० च्या दशकात विकुन्या दहा हजारांच्याही खाली आले. १९६७ साली पेरूत पाम्पा गालेरास येथे राखीव रान झाले, १९६९ साली शेजारच्या देशांनी मिळून करार केला. पण पहारेकऱ्यांच्या बंदुकांनी जे पुरते साधले नाही ते १९९५ च्या कायद्याने साधू लागले. जिवंत कातरलेल्या विकुन्याच्या लोकरीचा हक्क त्या रानातील गावकीला मिळाला. आता दर वर्षी जूनमध्ये लुकानास गावचे लोक, म्हातारेकोतारे आणि मुलेसुद्धा, हातात रंगीत फडक्यांची लांबच लांब दोरी धरून मैलोन्‌मैल कडे करतात, विकुन्यांना हळूहळू आवारात आणतात, कातरतात आणि सोडून देतात. इंकांच्या वेळचीच ही रीत, नाव "चाक्कू". एका जनावरापासून लोकर मिळते पावकिलोहूनही कमी. २०१२ च्या मोजणीत पेरूत विकुन्यांची संख्या दोन लाखांवर गेली होती. अर्थात युरोपात त्या लोकरीचा कोट ज्या किमतीला विकला जातो आणि लुकानासच्या माणसाच्या हाती जे पडते, यांतील अंतर अजून डोळ्यांत खुपावे इतके आहे. दलाल पायी येत होता तो आता विमानाने येतो, एवढेच.

शेवटी एका बाईंचे नाव सांगते. पेरूत कुस्कोजवळ चिंचेरो हे गाव आहे. तेथील नील्दा कायान्याउपा लहानपणी मेंढ्या राखताना म्हाताऱ्या बायकांजवळ बसून विणावयास शिकल्या. पुढे त्यांनी पाहिले की पर्यटकांना स्वस्त हवे म्हणून विणकरणी बाजारी रंग आणि तयार धागा वापरतात, जुने नमुने विसरत चालले आहेत, आणि मुलींना या कामाची लाज वाटते. त्यांनी १९९६ साली कुस्कोला पारंपरिक वस्त्रकेंद्र उभे केले. गावोगावच्या बायकांचे गट त्यात आले. गावच्या म्हाताऱ्यांना मानाने बोलावून मुलींसमोर बसविले. किरमिजी किड्याचा लाल, पानांचा हिरवा, फुलांचा पिवळा असे रंग पुन्हा उकळू लागले. आणि अल्पाकाची करडी-काळी-तपकिरी लोकर, जिला गिरण्यांनी हलकी ठरविली होती, तिला तेथे पुन्हा मागणी आली. विणलेल्या प्रत्येक वस्तूवर विणणारीचे नाव असते. आपल्या शिवणवर्गाच्या बायकांनी याचा विचार करावा असे मी कार्यकारिणीला सुचविले आहे, निर्णय त्यांचा.

२०२४ हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने उंटकुळातील प्राण्यांचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हा ओहायोच्या बाईंनी मला पत्राबरोबर आपल्या अल्पाकाच्या सुताची एक लडी पाठविली. ती मी समोरच्या मेजावर ठेवली आहे. चहा घेताना हात लावून पाहावी. मेंढीच्या लोकरीसारखी ती तेलकट लागत नाही आणि टोचत नाही. तिचा तो खारकेसारखा रंग दिलेला नाही. त्या तीन म्हाताऱ्या माद्यांपैकी एकीचा तो आहे. लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नये, गुंता फार लवकर होतो.